हाकेला येणारा कोंबडा

"तेका कोयतो दाखवू नको गो," असं तुम्ही म्हणाला होतात, बाबा. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. मुंबईची बोट अजून मालवणच्या बंदरात लागत होती, आणि भातकापणी उरकली की आपण दर वर्षी शेत राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, कोंबडा देत होतो. कोयत्याला धार तुम्ही आदल्या दिवशी विहिरीपलीकडे जाऊन लावायचात. घासल्याचा आवाजही खुराड्यापर्यंत येऊ नये म्हणून. सकाळी मला सांगायचात, "मार गो हाक. तुझ्या हाकेक येता तो." मी हाक मारली की तो मान डोलवत यायचा, तुमच्या तळहातावरचे तांदूळ टिपायचा, आणि दुसऱ्या हाताने तुम्ही त्याचे डोळे अलगद झाकायचात.

लेकीला सासरी धाडावं तशी तुमची माया बघून शेजारचे काका कुंपणावरून हसायचे. "कोंबो मारतस काय चेडवाक घोवागेर धाडतस?"

"जीव तेचो, खाणार आपण," तुम्ही म्हणायचात. "निदान भियान तरी मरूचो नाय."

एका वर्षी काकांचा कोंबडा ऐन वेळी सुटला. अजून दिसतो मला. फणसावर चढतो, तिथून गोठ्याच्या कौलांवर. काका खालून शिव्या घालतात. शेवटी सापडतो तेव्हा त्यांच्या मनगटाचं रक्त काढतो. आपला तोवर निमूट संपलेला असतो. दुपारी आई वडे तळते आहे, तुम्ही पहिला घास उचलता, आणि मी विचारते, "बाबा, काकांचो कोंबो पळालो तरी. आपलो कित्याक पळाक नाय?"

"गप जेव गो," आई म्हणाली. तुम्ही घास ताटात परत ठेवलात. रागावला नाहीत. पुढच्या वर्षी मात्र हाक मारायला मला सांगितलं नाहीत. तुमच्या जाड आवाजाला तो येईना, म्हणून मुठीत तांदूळ घेऊन अंगणभर वाकून त्याच्यामागे फिरत राहिलात. मी माजघरात बसून ऐकत होते.

तुमची रीत चांगलीच होती, बाबा. मरणाऱ्याला भीती न देणं ही लहान गोष्ट नाही. काकांच्या कोंबड्याला भयंकर मरण आलं, पण समोर कोण उभं आहे ते त्याला कळलं होतं. आपल्या कोंबड्याला ते कधी कळलंच नाही. तुमची माया खरी होती, आणि तीच त्याला कोयत्यापर्यंत घेऊन येत होती. ती त्याच्यासाठी होती की आपल्याला घास गोड लागावा म्हणून, हे विचारायचं राहून गेलं. आणि घास मला गोड लागतो, अजूनही. त्या दुपारीही मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

तुम्ही गेलात, भाऊ मुंबईला, म्हणून आता राखणदाराला कोंबडा द्यायची ही राखण माझ्याकडे आली आहे. कोयता काकांचा मुलगा चालवतो; तांदूळ आणि हाक माझी. उद्या द्यायचा कोंबडा हे लिहिताना माझ्या पायाशी चोच घासतो आहे.

एकच मागते. उद्या हाक मारण्याआधी मला कोयता त्याच्यासमोर अंगणात ठेवू द्या. पळाला तर पळू दे. राखणदाराला नारळ देऊन मी गाऱ्हाणं घालीन. तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. तरी विचारते: दाखवू?