मालिका कोणी बिघडवली

११ जानेवारी
रेटिंग पुन्हा खाली. निर्माता श्रीनाथचा फोन सकाळीच, चहाही व्हायच्या आधी. आवाज असा, की जणू कोणी गेलंय. "क्षमा, लोक कंटाळलेत." लोकांचं जाऊ दे — मी कंटाळलेय. सहा वर्षं एकाच घरातल्या त्याच सासू-सुनेला बोलायला लावतेय.

आज लिहिलं काय? नायिका कावेरीची स्मृती गेली. दुसऱ्यांदा! वाहिनीची सूचना.

१३ जानेवारी
सेटवर गेले. लॉकडाऊनमध्ये मुंबईहून इथे गोव्यात, पेडण्याला आलेलं युनिट, आता इथलंच होऊन बसलंय. जेवताना विषय एकच — मालिका कोणी बुडवली. दिग्दर्शक गणेश म्हणाला, संवादांत दम उरला नाही. रेश्मा, म्हणजे आमची कावेरी, म्हणाली, गणेशला क्लोज-अपशिवाय काही येत नाही. श्रीनाथच्या मते रेश्मा लग्नाच्या सुट्टीवर गेली तिथून घसरण. वाहिनीच्या बाई फोनवर म्हणाल्या, "कथा भरकटली हो." भरकटवा असं सांगणाऱ्याही त्याच! मी पुन्हा भात वाढून घेतला. माशांचं हुमण मात्र छान होतं.

१४ जानेवारी
श्रीनाथने बाजूला घेतलं. वाहिनी आणखी सहा महिने द्यायला तयार आहे, पण मीच लिहिणार असेन तर. नवा लेखक त्यांना नको. मी नाही म्हटलं तर मालिका बंद. "तू ठरव."

नाही म्हणायचंय. अगदी जिभेवर आलं होतं. पण संध्याकाळचे साडेसात वाजले की आई टीव्हीसमोर असते. पक्षाघात झाल्यापासून तिला खाट, खिडकी आणि ही मालिका एवढंच आहे. मालिका आपली मुलगी लिहिते, हे शेजारच्या सुमनला अभिमानाने सांगते, "म्हजें चेडूं बरयता." तेवढंही काढून घेऊ? विचार करून सांगते म्हटलं.

१७ जानेवारी
चार सीन पाठवले. एकही पुन्हा वाचवला नाही.

१९ जानेवारी
आज कमालच. शूटिंगच्या घराच्या मालकांनी श्रीनाथला सुचवलं, गावच्या देवीला कौल लावा. इथे विहीर खोदायची तरी देवीला विचारतात, पण मालिकेसाठी लावलेला कौल मी पहिल्यांदा पाहिला. गुरवमामांनी मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. श्रीनाथ म्हणाला, दोष कोणाचा ते विचारा. मामा शांतपणे म्हणाले, "अशें विचारूंक येना. एकेकाचें नांव घेवंक जाय."

मग नावं. गणेश — डावी. रेश्मा — डावी. वाहिनीचं नाव आलं तेव्हा मामांनी विचारलं, "ही खंयची?" समजावून सांगितल्यावर तिचीही डावीच. श्रीनाथचं नाव घ्यायला कोणी पुढे आलं नाही. उरले मी.

उजवी. लगेच पडली.

सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. रेश्माने तर माझ्या पाठीवरून हात फिरवला, प्रसादातला तिचा वाटाही मला दिला. राग यायला हवा होता, आला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच मालिका पूर्ण माझी ठरली. रिक्षात थोडी रडले. मग वाटलं, बरं झालं, आता सुटायला कारण मिळालं. उद्या आईला सांगायचं आणि श्रीनाथला नाही म्हणून कळवायचं.

२० जानेवारी
नाही जमलं. घरी पोचले तर शीर्षकगीत चालू होतं. आई लोडाला टेकून बसलेली, धड हात मांडीवर, नजर पडद्यावर. स्मृती गेलेली कावेरी नवऱ्याला "आपण कोण?" विचारत होती. ते वाक्य माझंच, ऐकून मलाच लाज वाटली. आई मात्र पापणी न हलवता बघत होती.

आत जाऊन श्रीनाथला फोन केला. लिहीन म्हटलं, सहा महिने. तो खूश. "बघ, देवी वाट दाखवतेच." मी फोन ठेवला.

२१ जानेवारी
ऐन साडेसातला वीज गेली. मेणबत्ती लावली, आईला म्हटलं, थांब, मोबाइलवर लावून देते. ती हसली.

"नाका गो. एक दीस तरी सुटका जावं दी."

सुटका कशापासून, विचारलं. मग हळूच म्हणाली, "दोन वर्सां जालीं, माका आवडनाच ती. तूं बरयताय म्हणून पळयतां. ना जाल्यार तुका वायट दिसतलें."

मला वाईट वाटू नये म्हणून बघत होती, आणि कालचा होकार मी तिला अजून सांगितलेला नाही.