सतरा सप्टेंबरला जागा नाही

हट्टा, ता. वसमत,
जिल्हा हिंगोली (परभणी नव्हे!)
१८ सप्टेंबर २००२

चि. सौ. मोहिनीस,

अण्णांचा आशीर्वाद. आम्ही उभयता खुशाल आहोत. पाऊस उशिरा आला तरी सोयाबीन तगलं. महालक्ष्म्या नीट पार पडल्या. तुझ्या आईचे गुडघे होते तसेच आहेत.

तू गेल्यापासून चार वर्षांत हे माझं पहिलं पत्र, म्हणून आधी तक्रारी. जिल्हा बदलून तीन वर्षं झाली, पण आईला दर दिवाळीला येणाऱ्या तुझ्या कार्डावर अजून ‘जि. परभणी’च. अगं, कळमनुरीत राहतेस म्हणजे तूही हिंगोली जिल्ह्यातच आहेस! हेडमास्तरच्या पोरीला स्वतःचा जिल्हा माहीत नसावा?

दुसरी तक्रार मोठी आहे. घर सोडायला तुला वर्षाचे सगळे दिवस मोकळे होते, मग सतरा सप्टेंबरच कशाला निवडलास? त्या दिवसावर आधीच किती गर्दी आहे ते तुला ठाऊक आहे. माझ्या दिनविशेषाच्या वहीची पानं लहानपणी तूच आखून द्यायचीस. १७८७ साली त्या दिवशी अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या. १९३९ साली रशियाने पोलंडमध्ये फौजा घुसवल्या. १९४८ साली निजामाने हात टेकले आणि मराठवाडा मोकळा झाला. एवढ्यावर आमचं भागत होतं. त्यात १९९८ साली, ऐन सुवर्णमहोत्सवी झेंडावंदनाच्या दिवशी, आमच्या कन्येने त्या पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या हरीशशी लग्न करायला एसटी धरली. अमेरिकेने निदान सह्या करण्याआधी चर्चा तरी केली होती!

चर्चा केली असतीस तर मी ऐकून घेतलं असतं का, हे विचारू नकोस. आज मी चिडलेला आहे.

आता कालचं ऐक. झेंड्याची दोरी कप्पीत अडकली म्हणून मी खांबापाशी घाम गाळत होतो. आमच्याकडे उत्तमसिंग नावाचे नवे गुरुजी आलेत, अक्षर मोत्यासारखं. त्यांना म्हटलं, “वहीतला आजचा दिवस तेवढा फळ्यावर घ्या.” त्यांनी घेतला. चार रंगांच्या खडूंनी, वेलबुट्टी काढून, अख्खा घेतला. निजामाच्या खाली मी माझ्यापुरती एक नोंद करून ठेवली होती, तीही घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी त्यांनी वेलबुट्टीसकट उघडली.

पाहुणे म्हणून तालुक्याहून एक नवे साहेब आले होते. त्यांनी साल बघितलं नाही, काही नाही. फळ्यावरून भाषण ठोकलं, “आपल्या मुक्तिसंग्रामात आयाबहिणीही मागे नव्हत्या. याच दिवशी घर सोडणाऱ्या वीरांगना मोहिनीताईंना मी वंदन करतो!” दोनशे लेकरांनी टाळ्या वाजवल्या. सगळं गाव तुला ओळखतं, पण एकाने साहेबांना सांगितलं असेल तर शपथ. जळबा शिपाई तर तोंडात रुमाल कोंबून शाळेमागे पळाला.

नंतर मी उत्तमसिंगांवर ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, “सर, तुमीच म्हन्ले ना वहीतलं घ्या म्हून. म्या बराबर घेतलं. त्यात खोटं काय हाय?”

खोटं काहीच नव्हतं, तीच तर पंचाईत. साहेबांनी अर्धीच ओळ वाचली. तुझी आई बायकांत बसली होती, तिने एकेक अक्षर लावत पुरी वाचली. आता तुलाही सांगतो.

‘१९९८ : मोहिनीने घर सोडले. मी मंचावरून पाहिले. भाषण चालू ठेवले.’

हो, मी पाहिलं होतं. तू एसटीच्या थांब्यावर उभी होतीस, हातात निळी पिशवी. मधे फक्त रस्ता होता. तू एकदा वळून बघितलंस. तेव्हा माझं नेहमीचं वाक्य चाललं होतं, ‘जुलूम कुणाचाही असो, घरच्याचा असला तरी मान तुकवू नका.’ मीच लिहिलेलं वाक्य. इतकी वर्षं मनाला सांगत आलो की भाषण अर्ध्यावर कसं सोडणार. ते खोटं आहे. खाली उतरलो तर गाव बघेल, याची मला लाज वाटली. घरी आलो तर तुझी चिठ्ठी, ‘अण्णा, भाषणाला थांबत नाही, मला ते पाठ आहे.’ आईला म्हणालो, मला तरी कुठं माहीत होतं!

काल घरी आल्यावर ती एवढंच बोलली, “चार वर्सं मी सोतालाच बोल लावून राहिले. मी सैपाकात गुतले म्हून लेकरू हातचं गेलं म्हने. अन् तुमी बघून राहिले व्हते?” त्यानंतर ती ताट वाढते आणि उठून जाते.

आज सकाळी नेमाप्रमाणे फळा पुसायला गेलो. अमेरिका पुसली, पोलंड पुसलं, निजामही पुसला. तुझ्या ओळीपाशी हात थांबला. अजून ती तशीच आहे. त्यामुळे आज अठरा सप्टेंबरचा दिनविशेष शाळेत लागला नाही. नोकरीत असं पहिल्यांदाच झालं.

तू ये. हरीशरावांना घेऊन ये. कोणत्याही तारखेला ये, वहीत अजून पुष्कळ पानं कोरी आहेत. फक्त सतरा सप्टेंबर नको, तिथे आता जागा नाही. आणि शाळेवरून जाताना माझं भाषण चालू असलं तर रस्त्यावरूनच हाक मार.

मी खाली उतरेन.

अण्णा