फ्रीजमधली माता

गोडादरा, सुरत
ता. १५ मे १९९६

ती. धुडकूमामांच्या चरणी जावई योगराजचा नमस्कार. आम्ही सारे खुशाल आहोत, असं सासऱ्यांना लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुमचा गुडघा, तुमची म्हैस आणि तुमचा राग, तिन्ही कसे आहेत ते कळवावं. (मामी म्हणतात, विचारू नको. म्हणूनच विचारतोय.) विनंती एकच, मामींना लवकर घेऊन जा.

झालं असं, की आमच्या भेस्तानच्या प्रयोगशाळेत शनिवारी बर्फाच्या पेटीतून चार कुप्या आल्या. काविळीच्या विषाणूच्या अंगावर जे प्रथिन असतं, तेवढंच यीस्टकडून बनवून घेतलेलं. आत विषाणू नाही, म्हणजे उशी नाही, नुसता अभ्रा. साहेब त्यावर रक्त तपासायची नवी पद्धत बसवताहेत. रविवारी तिथली वीज जाणार म्हणून त्यांनी दोन कुप्या माझ्या हवाली केल्या. सांभाळल्या तर मी कायम, बिघडल्या तर कायमचा घरी. मी त्या तुम्ही लग्नात दिलेल्या फ्रीजमध्ये ठेवल्या (त्याचं दार दोरीनं बांधावं लागतं, पण तो विषय आज नको).

मामींनी विचारलं, हे काय? मी अभ्रा समजावला. त्यांनी अभ्रा सोडला आणि कावीळ धरली. म्हणाल्या, "जिना कपडा घरमा उनात, ती बी उनीच समज." झालं, कपडे आले म्हणजे काविळीची माताही घरात आलीच, म्हणून गोवर-कांजण्यांचं सगळं पथ्य सुरू. फ्रीजवर कडुलिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, चपला बाहेर, फ्रीजचं दार उघडायची कुणाची हिंमत नाही. दुपारी आमचीही वीज गेली. माझा जीव टांगणीला, तर मामींनी माता थंड राहावी म्हणून चिंधा गोळेवाल्याची बर्फाची अख्खी लादी उचलून आणून कुप्यांशेजारी ठेवली आणि फ्रीजला ओली गोधडी पांघरली. मी एकदा बघायला गेलो, तर लाटणं उगारलं. प्लेगला दोनच वर्षं झालीत, त्यामुळे शेजाऱ्यांनी आधी दारं लावली आणि मग मामींकडूनच पाला मागून नेला.

सोमवारी मी कुप्यांची पेटी न्यायला लागलो, तर माता ओटीशिवाय जात नाही म्हणे. हळदकुंकू, दहीभात, नारळ, पाच सवाष्णी आणि डफ घेऊन शेजारचा दगा, एवढी वरात दोन रिक्षांतून भेस्तानच्या फाटकाशी उतरली. साहेब बडोद्याच्या पाहुण्यांना निरोप देत उभे होते. "आ शुं छे?" एवढंच म्हणाले. मी नारळ पुढे केला. आज कुप्यांची चाचणी आहे आणि मला अन्न गोड लागत नाही. तेव्हा मामा, मिळेल ती गाडी धरा.

आपला,
योगराज

ता. क. पत्र टाकायच्या आत साहेबांनी बोलावलं. तिथल्या दोन्ही कुप्या गेल्या, कारण रखवालदार छगन गार पाण्यासाठी दिवसभर फ्रीज उघडत होता. आपल्या दोन्ही शाबूत आहेत. पुढच्या महिन्यात आणखी आठ येताहेत, त्याही नीट राहिल्या की मी कायम. साहेबांनी विचारलं, माजी (म्हणजे आपल्या मामी) अजून आहेत ना? म्हणून खरी विनंती अशी, की मामींना इथंच राहू द्या. वरचं सगळं विसरा.

ता. क. दुसरा. तुमच्या सुषमानं हे सारं मामींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "रोगले बी इतला मानपाननी धाडं. मी घर सोडं तवय तुना सासरा खाटवरथीन उठना बी नही." मामा, आठ कुप्यांचं माझं मी बघतो. तुम्ही या.