खोट काढायला जागा ठेव

मांडवी, रत्नागिरी
२९ ऑगस्ट २००७

चि. अपूर्व यास मुकुंदमामाचे आशीर्वाद (नेहमीपेक्षा थोडे कमी, कारण पुढे येईलच).

तुझी तब्येत ठणठणीत असणार. दुसऱ्यांची बिघडवणाऱ्यांची सहसा असते. इकडे पावसाने पडवीला शेवाळ धरलं आहे, मामीचे गुडघे कुरकुरतात आणि मी तुझ्या नावाने कुरकुरतो. एरवी सर्व क्षेम. पत्र हाताने लिहितो आहे, कारण तुझ्या कंपनीला पाठवलेल्या प्रत्येक ई-मेलला 'आपला अभिप्राय आमच्यासाठी अमूल्य आहे' असं उत्तर ताबडतोब येतं. परवा वैतागून मी अभिप्राय म्हणून मामीने दिलेली भाजीची यादी पाठवली. तीही अमूल्य ठरली. तेव्हा म्हटलं, पोस्टमनच बरा. तो निदान पाकीट उलटंसुलटं करून बघतो तरी.

विषय तुला कळला असेलच: तुमच्या कंपनीची फोटोंची वेबसाइट, फोटोचावडी. मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा 'मामा, घरी बसून माशा मारू नकोस' म्हणत तुझा जुना कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवणारा तू, फोटोचावडीवर माझं खातं उघडून देणाराही तू, आणि आता मला तिथे रुळलेलं पाहून चावडीच मोडणाराही तूच. 'मामा, नवी रचना बघ, मी केली आहे' असा तुझा मेल आला आणि मी चहाचा कप हातात घेऊन कौतुकाने बघायला बसलो. चहा तसाच राहिला. सगळं पान पांढरंफटक, अक्षरं मुंगीएवढी, आणि फोटो आपले आपणच सरकतात (माझी जेट्टी मी डोळे भरून बघायच्या आत कुणाच्या तरी मांजराने ढकलली). तुझी आई फोनवर म्हणाली, "अपूर्वने किती स्वच्छ केलंय, नाही?" मालिनीला लेकाचं सगळंच स्वच्छ दिसतं. मला आठवतं, पाच वर्षांचा असताना तू असाच न सांगता स्वच्छता करायला निघाला होतास आणि मामीने अंगणात वाळत घातलेली आमसुलं कचरा म्हणून झाडून दगडी गडग्यापलीकडे लोटली होतीस. तेव्हाही मालिनीने तुझं कौतुकच केलं होतं. वर्षभर आमटीत चिंच खाल्ली ती आम्ही.

पांढरं पान मी सोसलं असतं, मांजरही सोसलं असतं. पण प्रत्येक फोटोखाली जी चर्चेची चौकट होती ती तू काढून टाकलीस आणि तिथे एक अंगठा बसवलास. आवडलं तर अंगठा दाबा. आणि नाही आवडलं तर? त्याची सोयच नाही! अरे, माझी पस्तीस वर्षं लोकांना अंगठ्यावरून सहीवर आणण्यात गेली आणि तू दोन महिन्यांत अख्खी चावडी पुन्हा अंगठ्यावर आणलीस. शिवाय तू ज्यांच्यासाठी हे केलंस ती माणसं तरी बघ. आपल्याकडे पोराचा पहिला नंबर आला तर 'दुसरा थोडक्यात चुकला वाटतं' म्हणतात. 'बरं आहे' ही आमच्याकडे स्तुतीची शेवटची पायरी, तीही श्राद्धाच्या जेवणाला मिळते. आम्ही प्रेम करतो ते खोट काढून. खोट काढायला जागाच नाही म्हटल्यावर माणसाने बोलायचं काय?

आता मुद्द्याचं सांगतो, कारण ते तुझ्याखेरीज कुणाला सांगण्यासारखं नाही. तुझा थोरला मामा, म्हणजे आमचा दादा, लांज्याला असतो हे तुला माहीत आहे. आम्ही दोघं बोलत नाही हेही माहीत आहे. आई गेली त्या वर्षी तो मांडवीच्या घरचा गणपती लांज्याला घेऊन गेला. थोरल्याचा मान, कबूल. पण मला विचारलं नाही. मी गेलो नाही, त्याने बोलावलं नाही, आणि असं करता करता सात चतुर्थ्या झाल्या. मग तू त्यालाही काजूच्या फॅक्टरीतल्या कॉम्प्युटरवर फोटोचावडी दाखवलीस (हे एक पुण्यकर्म तुझ्या नावावर आहे, म्हणून पत्र सभ्य आहे). दुसऱ्याच दिवशी माझ्या मिऱ्याच्या किनाऱ्याच्या फोटोखाली त्याचं वाक्य: 'समुद्र डावीकडे सांडतो आहे.' मी खाली लिहिलं, 'ज्यांना सांडतो असं वाटतं त्यांनी मान सरळ करून बघावं.' तिसऱ्या दिवशी: 'कोपऱ्यातलं बोट कोणाचं?' तेव्हापासून रोज सकाळी तो खोट काढायचा, दुपारी मी उत्तर द्यायचो. ना नाव, ना 'कसा आहेस'. पण तो आहे, उठला आहे, चष्मा लावून माझा फोटो बघतो आहे, एवढं मला रोज कळायचं. पुढे पुढे तर मी समुद्र मुद्दाम तिरका घ्यायला लागलो. सरळ आला तर दादा लिहील काय?

तुझा अंगठा आला आणि दादा गप्प झाला. महिना होत आला. माझ्या फोटोंना अंगठे पुष्कळ पडतात, पण त्यात त्याचा असणं शक्य नाही. असलाच तर आधी त्याच्या डॉक्टरला कळवावं लागेल. मला त्याची आठवण येते, अपूर्व. फोन उचलून विचारावं तर सात वर्षांनंतर पहिलं वाक्य काय टाकायचं ते सुचत नाही.

म्हणून आम्ही निषेध केला. बोटींचे फोटो काढणारा लवू, पदार्थांचे फोटो टाकणाऱ्या येसूबाई आणि मी, अशी आमच्या पडवीत सभा झाली. सुंदर काही टाकायचंच नाही, असा ठराव झाला. लवू म्हणाला, "मास्तर, फणस लावूया. नुसते काटे दिसूदेत त्यांना." येसूबाईंच्या परसातल्या फणसाचा जूनमधला एक फोटो होता, तोच चावडीवरच्या झाडून सगळ्या रत्नागिरीकरांनी टाकला. इथवर उत्तम. पण निषेध लोकांच्या नजरेत यायला हवा, म्हणून येसूबाईंनी फर्मान काढलं की प्रत्येकाने प्रत्येकाच्या फणसाला अंगठा द्यायचा. दिला. सोमवारी पान उघडतो तो वर भलामोठा फणस, 'आठवड्याचा सर्वोत्तम फोटो', आणि खाली, 'नव्या रचनेला भरभरून प्रतिसाद दिल्याबद्दल रत्नागिरीचे विशेष आभार.' लवू दोन दिवस तोंड लपवून फिरतो आहे. येसूबाई मात्र त्या पानाची छापील प्रत घेऊन सगळ्या आळीत हिंडल्या. त्यांचं निषेधावरून लक्षच उडालं.

तर बाबा रे, चौकट परत लाव. पान पांढरं ठेव, मांजरं सोड, काय वाटेल ते कर. पण चतुर्थीच्या आत ती चौकट हवी. तुझ्या साहेबाला काय सांगायचं ते सांग. हवं तर त्याला फणस पाठवतो.

मामीने आशीर्वाद सांगितले आहेत. तिचे पूर्ण आहेत.

तुझा,
मुकुंदमामा

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो आहे. दुपारी लांज्याच्या एसटीने दादा आला. छत्री मिटली नाही, चपला काढल्या नाहीत, पडवीच्या पायरीवरूनच म्हणाला, "जेट्टी वाकडी आलीय. आणि तो फणस कोणी काढला? अजिबात फोकस नाही. महिनाभर बघतोय, लिहायचं कुठे?" मी म्हटलं, "आत ये आणि सांग." आत आला. चहात साखर कमी म्हणाला, पडवीला उतार चुकीचा म्हणाला, मी वाळलो म्हणाला. मामी आत जाऊन डोळे पुसून आली. निघताना छत्री उघडता उघडता म्हणाला, "चतुर्थीच्या आदल्या दिवशी ये मखर बांधायला. तुझ्या हातचं तिरकंच होणार. पण ये."

आणखी एक ता. क. चौकटीची घाई करू नकोस. रचना भिकारच आहे, आमचा निषेध चालूच राहील, आणि यातलं अक्षरही येसूबाईंना कळता कामा नये. पण चौकट परत आली तर तो लांज्यात बसूनच लिहील.