तीन बोटं

हेझलरिग, आयोवा
सोमवार, ६ नोव्हेंबर २०२३

प्रिय लायल,

येत्या गुरुवारी आपण डॉरीनच्या खानावळीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसणारच आहोत. ती तुझा कप नेहमीसारखा तीन बोटं कमी भरणार, तू नेहमीसारखा कुरकुरणार आणि मी हसणार. असं असताना हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. "पूल ओलांडून यायला पाय दुखतात का रे तुझे?" असंही म्हणशील. दुखतात, लायल. हातही दुखतो, म्हणून अक्षर असं मुंग्यांच्या रांगेसारखं वाकडं चाललंय. पण काही गोष्टी तुझ्या तोंडाकडे बघत मला सांगता येत नाहीत. गेली छप्पन्न वर्षं आल्या नाहीत. खिडकीबाहेर मक्याचं शेत कापून झालंय. नुसते खुंट उरलेत, आणि त्यांच्यावर दुपारचं हे दमलेलं ऊन पडलंय. हल्ली ऊनसुद्धा माझ्याच वयाचं वाटतं.

महिन्यापूर्वी आमच्या कॉलेजची ग्रंथपाल मार्गिट घरी आली. येत्या शनिवारी आपल्या दोन कॉलेजांचा शेवटचा फुटबॉल सामना, मे महिन्यात तुमच्या ऑर्डवे कॉलेजला कुलूप लागणार, तेव्हा शेवटच्या पुस्तिकेत या सामन्याचा सगळा इतिहास हवा म्हणाली. "मिस्टर स्टेन्सरुड, हे आता तुमच्याशिवाय कोणाला आठवतंय?" मी म्हटलं, लायलला आठवतंय. तर ती पोरगी हसून म्हणते, "ते तीन बोटंवाले ना? ते काय लिहिणार, वाक्य पुरं व्हायच्या आत थांबतील." मी हसलो. इतक्या वर्षांची सवय आहे.

मग लिहायला घेतलं. सुरुवात तुला पाठच आहे. १८९३ मध्ये तुमच्याकडची अकरा पोरं होडीतून नदी ओलांडून आमच्या माळावर आली. तेव्हा पूल नव्हता. दोन्ही गावांचा नसलेला माणूस एकच, तो नावाडी, म्हणून त्यालाच पंच केलं. अंधार पडला तरी कोण जिंकलं यावर मारामारी संपेना. शेवटी त्यानं वल्हं मधे आपटलं आणि म्हणाला, "जो हरला त्यानं आपल्या हातानं यावर आकडा कोरायचा. नाही कोरला तर कोणीच घरी जाणार नाही, होडी माझी आहे." तुमच्या कप्तानानं कोरला. तेव्हापासून तोच रिवाज. रविवारी प्रार्थना आटोपली की हरलेल्या कप्तानानं वल्ह्यावर स्वतःच्या चाकूनं आकडे कोरायचे आणि ते खांद्यावर घेऊन चालत पलीकडे पोचवायचं. हरलेल्यानंच कोरलं म्हटल्यावर पुढे कोणाला शंका काढायला जागा राहत नाही. मला हे नेहमी फार सुंदर वाटत आलं. शाळेतल्या एखाद्या जुन्या कवितेसारखं.

पुढची पानं मजेत लिहिली. तुम्ही आम्हाला 'गोठा' म्हणायचात, आम्ही तुम्हाला 'भजनी मंडळ'. १९३१ मध्ये आमच्या पोरांनी वल्हं पळवलं आणि तुमच्याच चर्चमधल्या ऑर्गनच्या मागे लपवलं. तुम्ही अख्खा आठवडा आमची शेतं धुंडाळत होतात आणि रोज संध्याकाळी त्याच्याच समोर बसून गात होतात. १९४४ मध्ये खेळायला पोरंच उरली नव्हती. तेव्हा दोन म्हातारे प्रशिक्षक पुलाच्या मध्यावर येऊन, हस्तांदोलन करून, एकमेकांशी एक शब्द न बोलता परत गेले. असे लोक आता कुठे भेटणार? सदतिसाव्या वर्षी मी त्या वल्ह्याचा राखणदार झालो. ते आमच्याकडे असेल त्या वर्षी दर ऑक्टोबरात जवसाचं तेल लावतो. डोळे मिटून बोट फिरवलं तरी साल ओळखता येतं. १९६७ चं तर लगेच. त्यातलं शून्य फार खोल गेलंय. तुमचा कप्तान तू होतास, आणि चाकू निसटला होता तुझा. अंगठ्यावरचा तो वण तू अजून नखानं खाजवतोस, बिल यायची वाट बघताना.

तिथवर आलो आणि पेन थांबलं. आठ दिवस थांबलं होतं.

मला मिस प्रुइटचा वर्ग आठवत राहिला. पुढे त्याच वर्गात मी चौतीस वर्षं शिकवलं, तरी तो मला तिचाच वाटायचा. गुडघ्यापर्यंत ओले बूट घालून आपण यायचो आणि ती आपल्याला नदीच्या, जहाजांच्या, हरवलेल्या मेंढ्यांच्या कविता पाठ करायला लावायची. तू पुढच्या बाकावर, मी तुझ्या मागे. तू उभा राहायचास, खणखणीत आवाजात सगळी कविता म्हणायचास आणि शेवटच्या ओळीशी हमखास अडकायचास. मग मान जराशी वळवायचास, इतकी जराशी की तिला दिसू नये. मी वहीत तोंड खुपसून ती ओळ पुटपुटायचो. तिला सगळं ऐकू जायचं. एकदा म्हणालीच, "लायल, ऑरिन आजारी पडला तर तुझी जहाजं बंदरात कशी रे लागणार?" सगळा वर्ग हसला. तू सगळ्यांत जास्त हसलास.

पुढे तू नदीपलीकडच्या ऑर्डवेत गेलास, मी अलीकडेच राहिलो. गुडघा गेल्यामुळे माझं खेळणं संपलं आणि मला साखळीवाल्यांत घेतलं, दोन काठ्यांमधली ती दहा यार्डांची साखळी सांभाळायला. १९६७ चा सामना आमच्या मैदानावर होता, म्हणून साखळीही आमचीच. चेंडू उराशी धरून चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर तो दुसऱ्यांना द्यायचा, एवढंच आपला खेळ माणसाकडे मागतो, आणि ते दहा यार्ड मोजायचे आम्ही. दिवसभर पाऊस. आम्ही १४, तुम्ही १०. घड्याळात चाळीस सेकंद, तुमचा चौथा प्रयत्न, आमची गोलरेषा नऊ यार्डांवर आणि तुम्हाला हवेत दोन यार्ड. चेंडू तुझ्याकडे येणार हे मैदानावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. तू आलास. तीन जण अंगावर घेऊन आलास. ढीग बाजूला केला तेव्हा तू चिखलात पालथा आणि चेंडू छातीखाली. पंचानं साखळी बोलावली. आम्ही ती आत नेली, ताणली, आणि चेंडू पुढच्या काठीच्या तीन बोटं अलीकडे निघाला. पंचानं तीन बोटं वर केली आणि अख्ख्या मैदानाला दाखवली. आमचं गाव नऊ वर्षांनी जिंकलं होतं.

ती तीन बोटं तुला कायमची चिकटली. तुझ्या आणि अर्डिसच्या लग्नात पाद्री म्हणाला, "बाळा, वेदीपर्यंत तरी पूर्ण पोचलास." तू दुकान काढलंस तर पाटी कोणीतरी रातोरात तीन बोटं खाली सरकवून ठेवली. डॉरीनच्या आईनं कप कमी भरायला सुरुवात केली, आता डॉरीन भरते, आणि नवीन आलेल्यांना ती आधी तुझ्या कपाची गोष्ट सांगते, मग न्याहारीत काय आहे ते सांगते. तुझी लेक एकदा शाळेतून रडत आली. ती माझ्याच वर्गात होती. पोरं तिला 'दोन बोटं' म्हणत होती, तिसरं बाबांकडे म्हणून. मी पोरांना रागावलो. फक्त रागावलो.

तू कधी चिडला नाहीस. "अरे, नाव तरी राहिलं! जिंकणाऱ्यांतलं एक तरी नाव सांग पाहू," असं म्हणायचास. मी त्यावर विसंबून राहिलो. पण अर्डिसला पुरून आलो त्या दुपारी, गाडीत तू माझ्या शेजारी होतास. बराच वेळ काचेवरच्या पाण्याकडे पाहत होतास. मग एकदम म्हणालास, "ऑरिन, मला खरंच वाटलं होतं रे मी पोचलो." मला आधी वाटलं तू अर्डिसबद्दल बोलतोयस, इस्पितळात वेळेत पोचण्याबद्दल. मग तू म्हणालास, "चेंडू काठीच्या पुढे होता. अंगाला कळतं ना. तिला एकटीलाच सांगितलं होतं. ती म्हणाली, मग असेल पोचलास." मी रस्त्याकडे पाहत राहिलो. पुलावर आलो तेव्हा तू झोपला होतास.

तू पोचला होतास, लायल.

ऐक, नीट सांगतो. साखळीच्या मागच्या काठीजवळ मैदानावर जी आडवी चुन्याची रेघ असते, तिच्या मागच्या काठाशी साखळीला एक चिमटा लावतात. मोजायला साखळी आत नेली की तो चिमटा त्याच रेघेच्या त्याच मागच्या काठावर टेकवायचा. मग साखळी बरोबर जागी बसते. चिमटा माझ्या हातात होता. पंचाचं सगळं लक्ष चेंडूकडे. पावसानं चुना फिसकटला होता, माझी बोटं गारठली होती, आणि मी तो रेघेच्या पुढच्या काठावर टेकवला. रेघ पाच बोटं रुंद असते. अख्खी साखळी पाच बोटं पुढे गेली. तू तीन बोटं कमी पडला नव्हतास, दोन बोटं पुढे होतास.

मला ते चिमटा उचलताना कळलं. खाली पाहिलं तर सगळी पांढरी रेघ चिमट्याच्या मागे पडलेली. चूक एवढीच असती तर कदाचित मी तुला त्याच हिवाळ्यात सांगितलं असतं, आणि आपण हसलोही असतो. पण मला त्याच क्षणी कळलं, आणि तू गुडघ्यांवर उठत होतास. चिखलानं माखलेला. तू पंचाकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. मान जराशी वळवून, वर्गात वळवायचास तशी. मला फक्त पुटपुटायचं होतं. तेवढ्यात बँड वाजायला लागला, आमची माणसं कुंपणावरून आत उड्या टाकायला लागली, गर्दीत माझा बाप टोपी हवेत उडवत होता, आणि मी साखळी गोळा केली. दुसऱ्या दिवशी तू स्वतःच्या हातानं ते १४ आणि १० कोरलेस, आणि मी शेजारी उभा राहून तुझ्या अंगठ्याला रुमाल बांधला.

तुम्ही जिंकलाच असतात असं मी म्हणत नाही. अजून सात यार्ड होते आणि चार प्रयत्न मिळाले असते. काहीही झालं असतं. आजवर आम्ही ६२ सामने जिंकलोय, तुम्ही ६०, त्यातला तो एक कोणाचा, हे आता देवालाही मोजता यायचं नाही. पण ती तीन बोटं तुझी नव्हती. ती माझी होती, आणि मी ती तुला छप्पन्न वर्षं वागवायला लावली. ती मनात सांभाळून आता मी थकलोय. माफी मागायलाही जी ताकद लागते, ती तरुणपणी होती तेव्हा मी वापरली नाही.

तर १९६७ चं पान मी लिहिलं. इथे तुला लिहिलंय तसंच, पाद्री आणि गाडी वगळून. मार्गिटनं ते वाचलं आणि म्हणाली, "मी त्या दिवशी तुमच्याकडे जे बोलले, ते त्यांना सांगू नका हं." मी सांगितलं, माफ कर. शनिवारी सामन्याआधी ती ते पान भोंग्यावरून दोन्ही गावांना वाचून दाखवणार आहे. वल्हं यंदा आमच्याकडे आहे. काल, रविवारी, मी चाकू घेऊन बसलो. हरलेल्याच्या हातानंच कोरायचं असतं. तुझ्या त्या खोल शून्याखाली मी लहान अक्षरांत कोरलंय: मोजणी चुकली, ऑरिन. अक्षर वाईट आलंय. जवसाचं तेल लावलं तर थोडं बरं दिसतं.

ते तुला भोंग्यावरून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. उद्या टपालात टाकलं की बुधवारी तुझ्याकडे येईल. गुरुवारी मी सात वाजता खिडकीजवळ असेन. समोरची खुर्ची रिकामी राहिली तर मी समजेन, न्याहारी करेन आणि घरी जाईन. आलास तर काही बोलू नकोस, मलाही जमणार नाही. डॉरीन कॉफी घेऊन येईल आणि कप अर्धवट भरून किटली उचलायला लागेल. तेव्हा तिला सांग, काठोकाठ भर. ती हसून विचारेल, का हो? मग मान जराशी माझ्याकडे वळव. या वेळी पुढचं मी सांगेन.

अजून तसं म्हणायची मला मुभा असेल तर,
तुझाच,
ऑरिन