आई जे बोललीच नाही

थळ,
४ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
कमळचा शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायला गेले तर रडू येईल, म्हणून लिहिते. बातमी आनंदाची आहे. प्राप्तीच्या बी. ए.च्या प्रकल्पाला कॉलेजात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. विषय मिठागरातल्या बायका. त्यात आपल्या आईची मुलाखत आहे. गेल्या वर्षी दिवाळीत आई खाटेवर होती तेव्हा पोरगी फोन घेऊन तिच्यापाशी बसायची, तीच ही.

शेवटच्या पानावर आई म्हणते, "कमळने माझं जे केलं, ते कुणी केलं नसतं. तिचे उपकार मी कोणत्या जन्मी फेडू?" दादा, इतकी वर्षं मी तिचं अंथरुणातलं सगळं काढलं, पण तिच्या तोंडून गोड शब्द ऐकला नाही. भात मऊ झाला तरी ओरडा, फडफडीत झाला तरी ओरडा. मनात हे होतं, ते आता कळलं. ते पान मी देव्हाऱ्यात ठेवलं आहे. येत्या पौषात वर्षश्राद्धाला ते सगळ्यांसमोर वाचायचं, आणि तूच वाचायचं. एरवी पोरांना शिकवून तुझा घसा दुखतो म्हणतोस, त्या दिवशी चालणार नाही.

प्रकल्पाची प्रत सोबत आहे. वहिनीला सांग, कुळथाचं पीठ संपलं, निलाजरी नणंद पुन्हा मागते.

माया आहे तशीच ठेव.
तुझी,
कमळ


म्हसळा,
११ नोव्हेंबर २०२५

चि. प्राप्तीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम घरी न पाठवता तुझ्या पनवेलच्या वसतिगृहावर पाठवतो आहे.

प्रकल्प दोनदा वाचला. त्यात आजी म्हणते की समुद्राने आम्हाला मीठ दिलं आणि मिठाने आयुष्याला चव दिली. माझ्या वर्गातल्या तबरेजच्या प्रकल्पात त्याची दादी म्हणते की समुद्राने मासळी दिली आणि मासळीने आयुष्याला चव दिली. इनशाच्या आजीला मातीने सुपारी दिली आणि सुपारीने आयुष्याला रंग. तिघी कधी भेटल्या नाहीत, पण भाषा एकच. तबरेजला समोर बसवून विचारलं तेव्हा तो म्हणाला, सर, दादी खरंच बोलली असती तर शिव्याच लिहाव्या लागल्या असत्या. एआयकडून लिहून घेतल्याचं त्याने कबूल केलं.

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. त्या वाक्याखाली मीच लाल शाईने 'सुंदर' लिहिलं होतं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक मुलाला बोलावून त्याच्या कामाविषयी बोलतं करतो. फार वेळ जातो. पण निदान मूल समोर दिसतं.

यंत्राला मी शाप देत नाही. शंका असली की मीही त्याला विचारतो. पण गेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालणं मला सोसत नाही. गुणांचं तू आणि तुझे सर बघा, तो माझा अधिकार नाही. माझ्यापुढचा पेच वेगळा आहे. शेवटचं पान तुझ्या आईने देव्हाऱ्यात ठेवलं आहे, आणि ते मी वाचावं अशी तिची इच्छा आहे. पितरांच्या पानासमोर खोटं वाचायला माझी जीभ उचलणार नाही. ते खोटं आहे हे तिला सांगायलाही उचलत नाही. परवा पालीला बल्लाळेश्वरापुढे बराच वेळ बसलो, तरी मार्ग दिसला नाही.

ते एक वाक्य तरी आजीचं आहे का, एवढं कळव.

तुझ्यावरचा लोभ कमी झालेला नाही.
धर्माजीमामा


पनवेल,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
प्राप्तीचा सा. नमस्कार.

ते वाक्यही आजीचं नाही.

मी प्रश्न काढून नेले होते. मिठागरात पहिल्यांदा कधी गेलीस विचारलं, तर आजी म्हणाली, कमल कुठं हाय. पायांना मिठाचा खार चावायचा का विचारलं, तर म्हणाली, कमलीला बोलव, ही पोर डोका खाते. सगळी मुलाखत अशीच झाली. अशी वीस पानं कशी भरणार? शेवटी माझ्या खोलीतल्या अमिषाने एआयकडून लिहून घ्यायला शिकवलं. आजी खाटेवर आहे आणि मुलगी तिचं करते, एवढं मी त्याला सांगितलं होतं. उपकाराचं वाक्य मी मागितलं नव्हतं. ते त्यानेच घातलं. वाचल्यावर वाटलं, आईला बरं वाटेल. म्हणून काढलं नाही.

काल सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, इतके प्रकल्प आले होते की तुझ्या प्रकल्पावरचा शेरा मीही एआयकडूनच लिहून घेतला. माझे गुण रद्द झाले. आता पुन्हा लिहायचं आणि सरांसमोर बसून तोंडी उत्तरं द्यायची.

आईला मीच सांगणार आहे. तुम्ही सांगू नका.

मला अंतर देऊ नका.
प्राप्ती


थळ,
३० नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
कमळचा शि. सा. नमस्कार.

प्राप्तीने घरी येऊन सगळं सांगितलं. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तुझाही राग आला. तुला आधी कळलं आणि तू गप्प बसलास. ते पान देव्हाऱ्यातून काढलं. जाळवेना, म्हणून तिचं तिला परत दिलं.

तिसऱ्या दिवशी तिने फोनमधली खरी मुलाखत लावली. दादा, आईचा आवाज. कौतुक एका शब्दाचं नाही. नुसत्या हाका. कमल, अगो कमल. मधेच भांडी आपटल्याचा आवाज येतो, ती मी. मला त्या हाका ऐकू येत होत्या. दिवसभर हाका ऐकून वैतागले होते, म्हणून मुद्दाम गप्प राहिले होते. ती जरा थांबते आणि पुन्हा हाक मारते. दुसऱ्या कुणाचं नाव घेत नाही, तुझंसुद्धा नाही.

प्राप्ती आता हेच जसंच्या तसं लिहिणार आहे. गुण किती मिळतील, देव जाणे.

वर्षश्राद्धाला तू ये, पण वाचायचं काही नाही. आईचं पान वाढलं की मी तो फोन लावणार आहे, आणि तिने पहिली हाक मारली की ओ देणार आहे.

राग गेला आहे. वहिनीला घेऊन ये.
तुझी,
कमळ