पहिल्या पाण्याचा आकडा

प्रिय ठकू,

सोमवारी तू वेगळं होण्याच्या कागदांवर सही करणार आहेस, हे काल फोनवर तू ज्या सुरात सांगितलंस, त्याच सुरात लहानपणी दात काढायला जायचंय म्हणून सांगायचीस. आवाज अगदी सपाट, म्हणजे आतून पुरती घाबरलेली. मी नुसतं 'बरं' म्हणालो. जे तेव्हा बोलायला हवं होतं ते बोलायला मला तोंड नव्हतं, म्हणून आज लिहायला बसलोय. मी जन्मात रिपोर्टांपलीकडे काही लिहिलेलं नाही, तेव्हा कुठे भरकटलो तर सांभाळून घे.

इकडे तसं ठीक आहे. गुडघे कुरकुर करतात. काम सोडून चार वर्षं झाली तरी रस्त्यात कुठे खणलेलं दिसलं की माझे पाय थांबतात. तुझी आई म्हणायची, या माणसाचं आयुष्य कुठे पाणी मुरतंय ते शोधण्यात गेलं, पण घरातल्या नळाचा वॉशर काही बदलून झाला नाही. खोटं नव्हतं ते. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जागेत खड्डे खणले, त्यात पाणी ओतलं आणि ते किती वेळात किती खाली जातं ते मोजलं. छपरावरचं आणि अंगणातलं पावसाचं पाणी जिरवायला शोषखड्डा केवढा हवा, ते त्या आकड्यावर ठरतं. म्हटलं तर काम सोपं. खड्ड्यावर आडवी फळी टाकायची, फळीपासून पाण्यापर्यंत पट्टी लावायची आणि घड्याळाकडे बघायचं. कठीण असतो तो धीर. कोरडी माती पहिलं पाणी अधाशासारखी पिते, आणि त्या आकड्यावर भाळायचं नसतं. आदल्या दिवशी खड्डा भरायचा, उतरला की पुन्हा भरायचा, दिवसभर भरत राहायचा. मोजायचं ते दुसऱ्या दिवशी, तेही आकडा बदलायचा थांबेपर्यंत. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी हे इतक्या वेळा ऐकवलंय की माझ्या पाठीमागे ते माझी नक्कल करायचे.

तुमच्या जागेची तपासणी मीच करणार, हा हट्ट माझाच. लेकीच्या घराचा खड्डा मी दुसऱ्या कुणाला खणू देतोय होय. पण आदल्या दिवशी भिजवणीला जायला हवं होतं, ते मी गेलो नाही. त्या भागातल्या चार जागा आधी तपासल्या होत्या, तिथली माती मला तोंडपाठ आहे असा माझा तोरा होता. दुसऱ्या दिवशी तू मुद्दाम सुट्टी घेऊन आलीस. पालथ्या बादलीवर बसून घड्याळ तूच धरलंस. बावीस मिनिटांत वीतभर पाणी गेलं आणि तू टाळ्या वाजवल्यास. म्हणालीस, बाबा, जमीन आपल्याला हो म्हणतेय. तुझी आई जाऊन तेव्हा सात महिने झाले होते आणि त्या सात महिन्यांत मी तुला हसताना पाहिलं नव्हतं. खड्डा पुन्हा भरायला मी पाण्याचा कॅन उचलला होता. उचलला आणि परत खाली ठेवला. चल, झालं, असं तुला म्हणालो. तोच पहिला आकडा मी रिपोर्टात लिहिला आणि खाली सही केली.

लंबूने ते घर किती जीव लावून बांधलं ते तू पाहिलंस. (जावयाला लंबू म्हणू नये, हे तू मला शंभरदा सांगितलंस. पण पहिल्याच दिवशी आपल्या चौकटीवर डोकं आपटून घेतलेल्या माणसाला मी दुसरं काय म्हणणार?) नकाशे काढणं हा त्याचा पेशा. शोषखड्ड्यात दगड भरताना तो स्वतः उन्हात उभा होता. पण खड्डा माझ्या आकड्याच्या मापाचा झाला. खरं तर तो याच्या तिप्पट हवा होता. पहिल्या वर्षी पाऊस बेताचा, म्हणून निभावलं. दुसऱ्या वर्षी तो सलग तीन दिवस कोसळला, खड्डा तुंबला आणि पाणी तळघरातल्या तुझ्या पुस्तकबांधणीच्या खोलीत शिरलं. लोकांनी विश्वासाने बांधणीला दिलेली पुस्तकं फुगून एकमेकांना चिकटली होती. केसांच्या ड्रायरने तू एकेक पान सोडवत होतीस आणि मी शेजारी बसून टिपकागद देत होतो. तेव्हाच तू त्याला म्हणालीस, एवढा एक खड्डा तुला धड करता आला नाही. मी टिपकागद देत राहिलो.

पुढे प्रत्येक मोठ्या पावसाला तेच. आधी तुम्ही खड्ड्यावरून भांडलात, मग त्याच्या गप्प बसण्यावरून. तुझं म्हणणं एवढंच होतं, की त्याने चूक एकदा कबूल करावी. तो कबूल करायचा नाही आणि नाकारायचाही नाही. तुला तो कोडगेपणा वाटला. कुणालाही वाटला असता.

ठकू, त्याला माहीत होतं. पाणी शिरलं त्यानंतर पंधरा दिवसांनी तो एकटाच माझ्याकडे आला होता. मोजमापांची वही मागितली, मी दिली. भिजवणीचा रकाना कोरा आणि एकाच भरणीची नोंद. नकाशे वाचणाऱ्या माणसाला आणखी काय सांगावं लागतं? मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर फार बरं झालं असतं. त्याने वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, बाबा, हे तिला सांगू नका, आई गेल्यावर माहेरचं म्हणून तिला तुम्ही एकटेच उरलात, माझ्यावर चिडली तर चिडू दे, निवळेल. जाताना आपल्या कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालून गेला.

मी त्याचं ऐकलं. सोयीचं होतं म्हणून ऐकलं. आठ महिन्यांपूर्वी तू घर सोडून भाड्याच्या खोलीत गेलीस, दर रविवारी माझ्याकडे जेवायला येऊ लागलीस आणि म्हणालीस, बाबा, एक तुम्हीच माझ्या बाजूने आहात. तेव्हाही मी गप्पच राहिलो. एकदा तर माझ्या तोंडून निघालं, की काही माणसांना चूक कबूल करणं जमतच नाही. हे मी त्याच्याबद्दल बोललो. तू मान हलवलीस आणि मी तुला आणखी वाढलं. माझी मलाच इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

गेल्या आठवड्यात मी तुमच्या घरी गेलो. जुन्या खड्ड्याशेजारी नवा खणायला घेतला, तर लंबूने माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि स्वतः खणला. बारीक झालाय तो. तुझे दोरे आणि कातडी त्याने वरच्या खोलीत डब्यांत कोरडी ठेवलीत, डब्यांवर चिठ्ठ्या लावून. दिवसभर आम्ही पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी मोजलं तर दोन तासांत ते बोटभरही उतरलं नाही. मी म्हणालो, आता मी तिला सांगणार. तो म्हणाला, आता सांगून काय होणार बाबा, तिला दोनदा दुखेल. मग तोंड फिरवून तो उगाच मातीची ढेकळं फोडत बसला.

जुन्या वहीचं पान आणि नवी नोंद या पत्राला जोडली आहे. तुम्हा दोघांत आणखी काय काय तुटलंय ते मला माहीत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. माफी मी मागत नाही, ती मागायची माझी लायकी नाही. टपालावर भरवसा नाही आणि सोमवार तर तोंडावर आलाय, म्हणून आज संध्याकाळी हे पत्र मी स्वतः तुझ्या दाराखालून आत सरकवणार आहे. बेल वाजवणार नाही. या रविवारी तू आली नाहीस तर मी समजून घेईन, पुढच्या कुठल्याच रविवारी आली नाहीस तरी समजून घेईन. तीन वर्षं माझी शिक्षा त्याने भोगली. तुला कुणाला तरी सोडायचंच असेल, ठकू, तर ज्याने चूक केली त्याला सोड.

तू म्हणशील तोवर तुझाच,
बाबा